आखाड्यावरचे जनित्र

जालन्याला कुणी हवा खायला जात नाही. हवा खायची तर माणूस महाबळेश्वर गाठतो, माथेरान गाठतो. जालन्याला जातो तो कामानेच. कुणाला कपाशीचे बी हवे असते, कुणाला घर बांधायला सळई, कुणाला मोसंबीचा सौदा करायचा असतो. आणि माझ्यासारख्या एखाद्याची थोरली बहीण तिकडे दिलेली असते. देवगिरी एक्सप्रेस पहाटेच्या अंधारात आपल्याला जुन्या जालन्याच्या बाजूला उतरवून पुढे निघून जाते. डोळे चोळत बाहेर यावे, चहा घ्यावा आणि कुंडलिका नदी ओलांडून नव्या जालन्यात शिरावे. नदी म्हणायची एवढेच. पावसाळा सोडला तर तिच्यात पाण्यापेक्षा आठवणीच जास्त!

तरीही या गावाला 'जालना, सोने का पालना' म्हणत आणि ते अगदीच पोकळ नव्हते. मोंढ्यातली उलाढाल पाहिली की त्या म्हणीचा उगम कळतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. आणि शहराबाहेर पडावे तर लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या नि सळया ओढणारे कारखाने दिसतात. या भट्ट्यांचा एक हिशेब मला फार दिवसांपासून गमतीचा वाटत आला आहे. विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज लागते. साध्या खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि किरकोळ वापर धरला तर महिन्याला पन्नासएक युनिट होतात. म्हणजे त्या खोलीच्या एका वर्षाच्या विजेत येथे टनभर लोखंडाचे पाणी होते. अशा शहरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर माझी बहीण एका दिव्यासाठी दोन वर्षे भांडत होती.

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे पोरांना वीजतंत्रीचे काम शिकवले. त्यामुळे नात्यात कुठे पंखा अडला तरी मला बोलावणे येते. या वेळचे बोलावणे मात्र मोठे होते. "बापू, हे जनरेटर घ्यायला निघालेत. कागदावर सही करायच्या आत ये," असे अक्काने फोनवर सांगितले आणि फोन ठेवून दिला. कारण विचारायची सोय तिने ठेवली नाही.

जालन्याहून अंबडचा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरत जाते. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी लागते. माशाच्या आकाराची म्हणून मत्स्योदरी. आपल्याला तो मासा पहिल्या नजरेत दिसत नाही. पण पायऱ्या चढून गेल्यावर खालचा मुलूख दिसतो तो मात्र डोळे भरून पाहण्याजोगा. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला १८०३ सालच्या लढाईची असई आहे, दक्षिणेला गोदावरी आहे. आमची वाट दक्षिणेची, घनसावंगीच्या अंगाची. समर्थ रामदासांचे जांब याच तालुक्यात. इकडे मोसंबीच्या बागा लागतात. या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची पाटी काही ठिकाणी मोठ्या अभिमानाने लावलेली आहे. परंतु त्या पाटीपेक्षा २०१२-१३ च्या दुष्काळाची आठवण लोकांच्या मनात खोल आहे. त्या साली जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. दाजींचीही वाळली. बारा वर्षे वाढवलेली झाडे त्यांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन तोडली. तो दिवस त्यांनी मला कधी सांगितला नाही, अक्काने सांगितला. आता नवी बाग आहे, तीनशे झाडांची, अजून कोवळी.

आखाडा हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला कुस्तीचा वाटेल. मराठवाड्यात आखाडा म्हणजे शेतावरची वस्ती: गोठा, कडब्याची गंजी, बाज, पाण्याचा रांजण आणि एखादी पडवी. दाजींच्या आखाड्यावर एवढेच होते. शेतीच्या लाईनीला तीन फेजची वीज आठ-दहा तास मिळते आणि वर्षानुवर्षे ती पाळीने आली आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आता सूर्यावर चालणाऱ्या वाहिन्या आल्या आहेत, जिथे त्या पोहोचल्या तिथे दिवसा वीज मिळते. दाजींच्या लाईनीला मात्र अजून रात्रपाळी होती. साठी उलटलेला माणूस रात्री दीड वाजता उठून, हातात बॅटरी घेऊन, दोन किलोमीटर बांधाबांधाने मोटर चालू करायला जातो. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. ऊस असेल तर त्यात काय आहे तेही दिसत नाही. अक्का तोवर अंगणात बसून राहते.

म्हणून ही खोली. काळी जमीन ही उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. उथळ पायाची वीट-भिंत तिच्यावर दोन पावसाळ्यांत तडकते. तेव्हा लोखंडी खांब खोल गाडून, वर सांगाडा, त्याला पत्रे आणि आतून फळ्या, अशी बारा फूट बाय पंधरा फुटांची खोली उभारायचे ठरले. घनसावंगीचा एक वेल्डिंगवाला मिस्त्री काम घ्यायला तयार झाला. "पण लाईट लागेल," तो म्हणाला. शेतात लाईट कधी येईल याचा भरवसा नाही आणि आली तर रात्री. येथून जनित्राची गोष्ट सुरू झाली.

मी पोहोचलो तेव्हा तीन मते तयार होती. जालन्याच्या एका दुकानदाराने पंधरा केव्हीएचे डिझेल जनित्र सुचवले होते. किंमत अडीच-तीन लाखांच्या घरात, कर्जाचे कागद तयार. मिस्त्री म्हणत होता, पाच केव्हीए बस्स. आणि भाच्याने मोबाइलवर पाहून एक केव्हीएचे, हातात उचलून नेता येईल असे सुबक यंत्र पसंत केले होते. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते, हीच तर अडचण! दुकानदार विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीचा विचार करत होता, मिस्त्री आपल्या वेल्डिंगचा, आणि भाचा दिवा-पंख्याचा.

"पाव्हणं, तुमच्या वहीत काय येतंय ते बघा," दाजी म्हणाले. "पण मोटर चालली पाहिजे एवढं ध्यानात ठेवा."

बाजेवर बसून मी वही उघडली.

वाचकांपैकी ज्यांना आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद डोळ्यांखालून नुसते घालावेत. परंतु ज्यांच्या शेतावर असा विचार चालू असेल त्यांनी थांबावे. पैसे येथेच वाचतात.

पहिली गोष्ट, यंत्राला चालायला लागणारी वीज वेगळी आणि सुरू व्हायला लागणारी वेगळी. भरलेली बैलगाडी चिखलातून हलवताना बैलांचे गुडघे टेकतात. एकदा चाक फिरले की तेच बैल निवांत चालतात. हातातले ग्राइंडर, ड्रिल ही यंत्रे सुरू होताना क्षणभर दुपटीच्या आसपास ओढतात. पाण्याच्या मोटरीचे तसे नाही. ती थेट सुरू केली तर पाच ते सातपट प्रवाह मागते. दुसरी गोष्ट, केव्हीए आणि किलोवॅट एक नव्हेत. पुष्कळ जनित्रांच्या बाबतीत केव्हीएच्या आकड्याला ०.८ ने गुणले की प्रत्यक्ष कामाचे किलोवॅट मिळतात. तिसरी गोष्ट दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही. पाटीवर दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक सतत. दुकानदार कमाल सांगतो. आपण सतत चालणारा आकडा धरायचा आणि त्यातूनही थोडे सोडायचे. कारण जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, आणि उंची वाढली की छोट्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने घटते. वैशाखातल्या उन्हाची तूट वेगळी.

आता मिस्त्रीची हत्यारे. चार इंची ग्राइंडर ८०० वॅट, ड्रिल ६००. पत्रा-फळी कापायचे गोल पात्याचे करवत १३०० ते १४००. लोखंड कापायचे चौदा इंची कटर दोन हजारांच्या वर. आणि वेल्डिंग! हल्लीचे इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र दिसायला डब्याएवढे असते, पण अडीच मिलिमीटरची कांडी ९० अँपिअरवर जाळायची म्हटली तरी जनित्राकडून चार केव्हीएच्या आसपास मागते. जाड कांडी घेतली की साडेपाचच्या वर. मिस्त्रीचे पाच केव्हीए येथून आले होते आणि त्याच्या पातळ कांडीपुरते ते बरोबर होते. परंतु वेल्डिंग आठ दिवसांचे. आठ दिवसांच्या पाहुण्यासाठी कुणी घराचा दरवाजा मोठा करत नाही.

मोटरीचे म्हणाल, तर पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट. चालताना सहा केव्हीएच्या आत भागते, परंतु सुरू होतानाचा झटका सोसायला बारा ते पंधरा केव्हीएचे जनित्र लागते. दुकानदार लबाड नव्हता. मात्र तेच पंधरा केव्हीएचे धूड रात्री एक दिवा आणि पंख्यासाठी चालवायचे म्हटले तर? डिझेल इंजिन तीस टक्क्यांहून कमी ओझ्यावर दिवसेंदिवस चालवले की त्यात तेल धड जळत नाही. काजळी साचते, धुराड्यातून काळे पाणी ठिबकू लागते. दांडग्या बैलाला खुराक घालून घालून दावणीला बांधून ठेवावे तसे.

आणि खोली? दोन दिवे १८ वॅट, पंखा ७५, मोबाइल नि किरकोळ १०. सगळे मिळून शंभराच्या थोडे वर! ही बेरीज वाचून दाखवली तेव्हा दाजींना ती खरी वाटेना.

तेवढ्यात अक्का भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "बापू, मला एवढंच सांग," ती म्हणाली, "रात्री दोन वाजता ते यंत्र फटफट करणार आणि हे त्याच्याजवळ निजणार, असंच ना?"

मी वही मिटली. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. लहान पेट्रोल जनित्र नुसते दिवा-पंख्यासाठी चालवले तरी तासाला अर्धा लिटर पेट्रोल पिते. रात्रीचे आठ तास म्हणजे चार लिटर. लिटरने शंभरी ओलांडलेली. शंभर वॅटसाठी रोज रात्री चारशे रुपये! शिवाय आवाज, आणि धूर. त्या धुरातल्या विषारी वायूला ना वास ना रंग. बंद खोलीत, पडवीत, खिडकीखाली जनित्र चालवून कुटुंबेच्या कुटुंबे झोपेत गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. रात्रीचे काम जनित्राचे नव्हेच. १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी, लहान इन्व्हर्टर आणि पत्र्यावर १६५ वॅटच्या दोन सौर पाट्या, एवढ्यावर ती खोली रात्रभर उजळते नि पंखाही फिरतो.

"मग जनरेटर कशाला घ्यायचं?" भाचा म्हणाला.

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागं उन्हाळ्यात डीपी जळाला. बारा दिवस लाईन नव्हती. झाडं माना टाकायला लागली. टँकरनं पाणी घातलं, हातानं. बारा दिवस." पुन्हा थांबून म्हणाले, "तुमची खोली दिव्यावर चालंल हो. झाडं कशावर चालतील?"

खरी गोष्ट ही होती. कर्जाच्या कागदांमागे मोठेपणाची हौस नव्हती, २०१३ सालची कुऱ्हाड होती. मग मात्र माझ्या वहीचे काम संपले आणि दाजींच्या डोक्याचे सुरू झाले. त्यांनीच विचारले, "विहिरीची मोटर नको. शेततळ्यात पाणी हाय. त्यातून ठिबकला पाणी द्यायचं तर किती मोटर लागंल?" कोवळ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला पस्तीस लिटर धरले तर तीनशे झाडांना साडेदहा हजार लिटर होतात. एक अश्वशक्तीचा साधा सिंगल फेज पंप ठिबकच्या दाबावर तासाला साडेतीन हजार लिटर सहज देतो. तीन तास! एकदम सगळी बाग नाही, एकेक भाग करून. तीन-चार लिटर पेट्रोलमध्ये बागेचा दिवस निभतो. आणि एक अश्वशक्तीसाठी लागते सतत तीन केव्हीएच्या आसपासचे जनित्र. तेच मिस्त्रीचे ग्राइंडर, ड्रिल आणि करवत चालवते. वेल्डिंगचा सांगाडा मिस्त्रीने घनसावंगीच्या आपल्या दुकानात जोडायचा आणि शेतावर आणून बोल्टांनी कसायचा, एवढेच ठरवायचे राहिले. मिस्त्री कुरकुरला, गाडीभाड्याचे बोलणे झाल्यावर हसला.

तरीही कागदावरच्या तीन केव्हीएवर दाजींचा विश्वास बसेना. एक अश्वशक्तीचा पंप सुरू होताना तीन केव्हीएचे जनित्र काठावरच असते; पंप कोणत्या घडणीचा, त्याचा कपॅसिटर कसा, यावर ते पेलते की बसते ते ठरते. "मग घालूनच बघू," म्हणत दाजींनी पंप पोत्यात बांधला, मोटारसायकलवर भाच्याच्या मागे घट्ट धरून बसले आणि जालन्याला निघाले. मी मागून एसटीने. दुकानदाराने आधी नाक मुरडले. पण गिऱ्हाईक रोकडा घेऊन आलेले. त्याने पोऱ्याला पिंप भरायला सांगितले. पंपाचा पाय पिंपात सोडला, जनित्र सुरू केले. बटण दाबताच इंजिनाचा आवाज असा खाली बसला की दुकानातली दोन माणसे वळून पाहू लागली. दिव्याची ज्योत मोठी होण्याआधी एकदा खाली जाते ना, तसे. दोन सेकंद. मग इंजिनाने दम धरला, सूर चढला आणि पिंपातले पाणी नळीतून भसकन बाहेर येऊन दुकानदाराच्या चपला भिजल्या. शेजारी ठेवलेल्या दोन केव्हीएच्या यंत्राला तेच करायला लावले. ते घुसमटून बंद पडले. दाजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पैसे काढले. पंधरा केव्हीएच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात काम भागले, आणि कर्जाचे कागद दुकानदाराने स्वतःच फाडले.

खोली वैशाखात उभी राहिली. जनित्र खोलीपासून वीस पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चार खांब नि वर पत्रा अशा उघड्या छपरीत ठेवले. तार घेताना भाच्याने घरातली बारीक तार आणली होती. ती मी परत पाठवली. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तारेत पन्नास मीटरवर दहा अँपिअर गेले की चोवीस-पंचवीस व्होल्ट वाटेतच गळतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत बारा. मोटर जळते ती अनेकदा अशा बारीक तारेने, आणि शिव्या खाते जनित्र. दुसरा आग्रह चेंजओव्हर स्विचचा. जनित्राची वीज उलटी लाईनीत शिरली तर रोहित्रातून तिचा दाब चढतो आणि खांबावर काम करणारा लाईनमन लाईन बंद समजून तारेला हात लावतो. दाजींना हे सांगावे लागले नाही. गावातला एक पोरगा असाच गेला होता.

संध्याकाळी छपरीजवळ बसलो असता दाजींना जुने दिवस आठवले. त्यांच्या वडिलांच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन होते, जड चाकाचे. हँडल मारताना दोन माणसे लागत आणि त्याचा टुकटुक आवाज शिवेपलीकडे ऐकू जाई. तो आवाज ऐकून कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे हे बायका घरात बसून सांगत. पुढे ऐंशीच्या दशकात लग्नांतून पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी छोटी जनित्रे आली. वरातीच्या मागे हातगाडीवर एक जनित्र आणि त्याच्यामागे रॉकेलचा वास.

मृगाचा पाऊस जरा उशिराच आला. आला त्या रात्री मी खोलीतच होतो. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की बोलणे ऐकू येईना. पण दिवा लागलेला होता आणि पंखा फिरत होता. अक्का पहिल्यांदाच आखाड्यावर मुक्कामाला आली होती. रात्री पाळीची वीज आली तेव्हा दाजी उठले, चार पावलांवरच्या पेटीपर्यंत गेले, पाऊस पाहून मोटर न लावताच परत आले आणि पुन्हा निजले.

सकाळी पलीकडच्या शिवारातले एक गृहस्थ चिखल तुडवत आले. जनित्राची कीर्ती तोवर तीन गावांत पोहोचली होती. त्यांच्या मुलाचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर काढायचे होते. "दाजी, तेवढं दोन दिवस यंत्र द्या की," ते म्हणाले. "डीजे लावायचाय."

दाजींनी छपरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "किती वॅटचा?" त्यांनी विचारले.

"मोठा हाय. दहा हजारांचा तर असंलच."

"मग नाही जमायचं," दाजी म्हणाले. "आपल्यावर दिवे लागतील मांडवातले, न् आचाऱ्याचा मिक्सर चालंल. डीजेला जालन्याहून पंधरा केव्हीएचं आणा. दुकान मी दाखवतो."